खुर्ची सोडू नये

लिफ्ट बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि ते बटण ताईच्या कानात वाजतं. गेली एकोणीस वर्षं वाजतंय. शहरभरात कंपनीच्या सातशे बारा लिफ्टी, आणि त्यांत अडकलेल्या माणसांशी बोलायला दुपारपाळीला दोघीच. एक ताई आणि दुसरी पलीकडच्या टेबलावरची, जिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण फोन नसला तरी ती चालूच असते.

कामाचा नियम एकच, पण कडक. मिस्त्री पोचून दार उघडेपर्यंत अडकलेल्या माणसाचा फोन सोडायचा नाही. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. हेडफोनची वायर जेमतेम हातभर. म्हणजे कान वायरीला बांधलेला, वायर टेबलाला आणि ताई खुर्चीला. हेडफोन काढला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल होतो, आणि तो तीन मिनिटांच्या वर लाल राहिला की आतल्या केबिनमधून साहेबांचा आवाज येतो, "ताई, कुठे आहात?" ताई कुठे असणार? पाणी प्यायला गेलेली असते, नाहीतर प्यालेलं पाणी सोडायला.

आता ताईचे बाबा. ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, ताईचं कधीच हसून झालंय. बाबा एक्याऐंशी वर्षांचे. वर्षभरात खाली उतरलेले नाहीत. दर रविवारी ताईच वर जायची. आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत लावून द्यायची, त्यांची नखं कापायची, मग दोघं पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे आणि त्यावरून कडाकडा भांडायचे. आईच्या मागे बाबांचा आठवडा त्या एका भांडणावर चालत होता.

दोन वर्षांपूर्वी ताई चार मजले एका दमात चढायची. मग तिसऱ्यावर थांबायला लागली. मग दुसऱ्यावर. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून जी उभी राहिली ती पुढे जाईचना. मांड्या लटलट कापत होत्या, छातीत लोहाराचा भाता चालू होता. वर बघितलं तर जिना, खाली बघितलं तर जिना. दहा मिनिटांनी ती गुपचूप खाली उतरली आणि बसथांब्यावरून बाबांना फोन केला, "बाबा, अचानक ड्यूटी लागली हो." मग पुढच्या रविवारीही ड्यूटी लागली. त्याच्या पुढच्याही. गोळ्या तळमजल्यावरच्या वहिनींबरोबर वर जाऊ लागल्या. जिना चढवत नाही, हे बाबांना सांगायचं कसं? एक्याऐंशीचा माणूस चौथ्या मजल्यावर वाट बघत बसलाय आणि अठ्ठेचाळीसची लेक म्हणते, पाय दुखतात. त्यापेक्षा खोटं बोलणं सोपं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुढून मागून तपासलं.

"हृदय ठणठणीत आहे. गुडघेही वयाच्या मानानं बरे. पायांतली ताकद तेवढी गेलीय. दिवसाचे किती तास बसता?"

"नऊ."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी दमलेली असते, म्हणून बसते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी औषध देत नाही. दर तासाला पाच मिनिटं उठायचं, चालायचं, खुर्चीवरून वीसदा ऊठबस करायची. तीन महिन्यांत चौथा मजला चढाल. नाही केलंत तर पहिलाही जड जाईल."

औषध दिलं असतं तर बरं झालं असतं. गोळी गिळायला साहेबांची परवानगी लागत नाही.

"दर तासाला पाच मिनिटं?" साहेब म्हणाले. त्यांनी कॅलक्युलेटर ओढला. "पाळीला पाऊण तास झाला, ताई. तुम्हाला दिला तर रेडिओला द्यावा लागेल. मग मिस्त्री मागतील."

"मिस्त्री दिवसभर जिनेच चढतात, साहेब."

"तेच तर म्हणतो. त्यांनी कधी तक्रार केली?"

ताईनं दुसरं मागून बघितलं.

"मग बिनवायरचा हेडफोन तरी द्या. इथल्या इथे चालत बोलेन."

"मागणी वर गेलीय."

मागणी आठ महिन्यांपूर्वी वर गेली होती. कुठल्या मजल्यावर अडकली होती, कुणास ठाऊक. तिथून लाल बटण काही वाजलं नाही.

आणि नेमका त्याच महिन्यात मुख्य ऑफिसकडून आरोग्य महिना आला. ताईच्या समोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं. त्यावर एक सडपातळ मुलगी लॅपटॉप बाजूला सारून दोन्ही हात छताकडे नेत होती आणि खाली लिहिलं होतं, 'उठा, चला, हसा'. त्याच विषयावर एका बाईंचं व्याख्यानही झालं. ते दीड तास चाललं. बसून ऐकायचं होतं.

तेव्हा ताईनं ठरवलं की कुणाला विचारायचंच नाही. कपाटात सुट्या भागांची जुनी जाडजूड कॅटलॉगं पडली होती. त्यांतली सात तिनं टेबलावर रचली, वर पडदा ठेवला, कीबोर्डखाली तीन ठेवली आणि खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. वायर पोचली. ठिपका हिरवाच राहिला. मग ती जागच्या जागी चालायला लागली. डावा गुडघा वर, उजवा गुडघा वर.

"ताई, आज परेड कुणासाठी?" रेडिओनं विचारलं.

"माझ्या मांड्यांसाठी."

"खालच्या ऑफिसवाले वर येतील हं भांडायला."

"येऊ देत. जिन्यानं येऊ देत. त्यांचंही भलं होईल."

पहिल्या दिवशी चाळीस पावलांत तिला घाम फुटला. आठवड्यानं दीडशे झाली. पायात गोळे यायचे, घरी गेल्यावर नवऱ्याला ती तेल लावून दे म्हणायची आणि तो म्हणायचा, "कुठल्या शर्यतीत भाग घेतलायस?" पण तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती बसमध्ये दांडा न धरता चढली. मागच्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ताईच्या आलं. तिनं मनातल्या मनात मजले मोजले. अजून दोन रविवार, फार तर तीन.

तो मंगळवार होता, साडेतीनची वेळ. एका नऊ मजली इमारतीतून बटण वाजलं. सहाव्या आणि सातव्याच्या मधोमध लिफ्ट थांबलेली, आत एकटे गृहस्थ. गणिताचे निवृत्त मास्तर. आवाज घट्ट, पण शेपटाला थरथर.

"घाबरू नका मास्तर, हवा भरपूर आहे, लिफ्ट कुठे पडत नाही. दाराला हात लावू नका, उड्या मारू नका, लिफ्ट हलवू नका. मिस्त्री निघालेत."

ही वाक्यं ताई झोपेतही म्हणते. ती टेबलावर छापून चिकटवलेली आहेत, पण तिनं तिकडे बघितल्याला पंधरा वर्षं झाली असतील. मिस्त्री दुसऱ्या कामात होते, त्यांना चाळीस मिनिटं लागणार होती. ताईनं मास्तरांना बोलतं ठेवलं. त्यांनी किती वर्षं शिकवलं, कुठली इयत्ता, कुठल्या मुलानं जास्त छळलं. आणि हे विचारताना ती आपली चालत होती. दीडशे, एकशेसाठ, एकशेसत्तर.

"बाई," मास्तर मधेच म्हणाले, "तुम्हाला धाप का लागलीय? तिकडे सगळं ठीक आहे ना?"

अडकलेल्या माणसानं तिची चौकशी करायची ही एकोणीस वर्षांतली पहिलीच वेळ.

"ठीक आहे हो. मी उभ्या उभ्या चालतेय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"असं. माझेही पाय बधिर झालेत उभं राहून. डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलंय, पण एकट्याला कंटाळा येतो बघा."

"एकट्याला येतोच," ताई म्हणाली. तिला एकदम बरं वाटलं. तीन आठवडे सगळी थट्टाच करत होती, आणि हा पहिला माणूस ज्याला कळलं.

"मग मीही चालतो तुमच्याबरोबर. आकडे तुम्ही म्हणा."

इथे ताईची जीभ थांबायला हवी होती. पण ताईच्या डोळ्यांपुढे त्या वेळी लिफ्ट नव्हतीच. तिच्यापुढे होता बाबांचा जिना, आणि त्यावर तिच्याबरोबर पायरी पायरी चढणारे मास्तर.

"चला," ती म्हणाली. "डावा, उजवा. डावा, उजवा. गुडघा वर, मास्तर, कमरेपर्यंत. शाब्बास."

मास्तर नव्वद किलोंचे होते, हे मागाहून कळलं. आणि शिस्तीचे. ताईनं कमरेपर्यंत म्हटलं की त्यांनी कमरेपर्यंतच गुडघा नेला आणि पाय आपटून खाली आणला. एकोणचाळिसाव्या पावलाला फोनमधून धाडकन आवाज आला, जणू कुणी पाचर ठोकली.



"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "हे तुमच्याकडे झालं का माझ्याकडे?"

ताईचे पाय जागच्या जागी थिजले. लिफ्टला आतून हिसके बसले की तिचा सुरक्षेचा चिमटा रुळाला घट्ट बसतो. तो बसला की लिफ्ट ना वर, ना खाली. हे ताईला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर ती एकोणीस वर्षं लोकांना सांगत होती.

एरवी पाऊण तासात सुटणारे मास्तर दोन तास दहा मिनिटांनी बाहेर आले. ताई सगळा वेळ फोनवर होती, खुर्चीत बसून. मास्तरांनी चकार शब्दानं दोष दिला नाही. उलट निघताना म्हणाले, "पाय मात्र मोकळे झाले हं." मिस्त्रींनी मग फोन हातात घेतला.

"ताई, मशीनरूम नवव्या मजल्यावर आहे. तीन वेळा वर-खाली केलं मी. हातानं चाक फिरवून लिफ्ट सोडवली. तुम्ही आत कवायत घेत होता?"

"चुकलं माझं, मिस्त्री."

"माझी हरकत नाही हो. पण पुढच्या वेळी शिट्टी तरी वाजवा, मी त्या तालावर चढतो."

मिस्त्रींनी थट्टेवर नेलं. साहेबांनी नाही नेलं. कॉल सगळे रेकॉर्ड होतात. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्यांची माणसं असताना साहेबांनी ते रेकॉर्डिंग लावलं. खोलीभर ताईचा आवाज घुमला. डावा, उजवा. गुडघा वर, मास्तर, कमरेपर्यंत. शाब्बास. लोक हसून हसून बेजार झाले. रेडिओनं तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलत होतेच. ताईचा चेहरा कानशिलांपर्यंत तापला. चूक तिची होती, पार डोक्यापासून पायापर्यंत तिची. तेवढं तिला कळत होतं. पण आवाजातली ती खुशी कुणी ऐकली नाही. हसण्यात तीच सगळ्यात आधी बुडाली.

"ताई, यावर तुमचं म्हणणं?" साहेब म्हणाले.

"चूक झाली. अडकलेल्या माणसाला हलवायला नको होतं. मी उभी राहिले यात चूक नाही."

"उभ्या राहिलात म्हणूनच हे झालं ना?"

"नाही साहेब. बसूनही डावा-उजवा म्हणता येतं."

पुन्हा हशा पिकला. साहेबांनी तो थांबू दिला आणि तिच्यापुढे एक कागद ठेवला. कामाच्या वेळेत ऑपरेटरने जेवणाची सुट्टी वगळता खुर्ची सोडू नये. कॉल चालू असताना उभे राहू नये. खाली सहीची जागा. वर भिंतीवर ती सडपातळ मुलगी छताकडे हात नेऊन हसत होती.

"सोमवारी सही करून द्या," साहेब म्हणाले. कॅटलॉगं शिपायानं परत कपाटात नेली. एका वेळी एक.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ताई बसली. अशी बसली की दुसऱ्या कुणाला वाटावं, बाई कामात किती गर्क आहे. मांड्यांना मुंग्या यायच्या, ती पावलं खुर्चीखाली आवळायची, सोडायची. दोनदा उठायचं म्हणून हात टेकले आणि केबिनच्या काचेमागं साहेबांची मान वर झालेली दिसली. आपली एखादी कुंडीच झालीय, असं तिला वाटलं. पाणी घालतात, ऊन दाखवतात, पण कुंडीनं उठून दुसरीकडे जायचं म्हटलं तर काय म्हणतील.

शनिवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"काय गं, माझ्यावर राग आहे का तुझा?"

"नाही हो बाबा. राग कसला?"

"मी आईचं कपाट विकायचं म्हणालो होतो, त्याचा?"

"बाबा, ड्यूटी होती म्हणून..."

"तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, तुमची लेक मागं एकदा दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि परत गेली. पाहिली त्यांनी. दुसऱ्या मजल्यावर लागली का गं ड्यूटी?"

दोन महिने हा माणूस वर बसून आपलं काय चुकलं ते शोधत होता. कपाट, मग आणखी काय काय आठवलं असेल.

"उद्या येते," ती म्हणाली.

"नको, काम असेल तर..."

"येते म्हटलं ना."

रविवारी दहा वाजता ती जिन्याशी उभी राहिली. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर कठड्याला हात लावला, पण थांबली नाही. वहिनींच्या कुत्र्यानं खालून दोनदा भुंकून घेतलं. अडीच मजल्यांवर मांड्या बोलायला लागल्या. तीन आठवड्यांची कमाई तीन दिवसांच्या बसण्यात किती गेली, याचा हिशेब पायांनी चोख दिला. तिसऱ्याच्या चौकात ती भिंतीला टेकली. आता पुढची पायरी तिला दिसत होती, तिच्यावर पाय ठेवता येईल असं वाटत नव्हतं. खाली जावं असंही वाटेना. ताईनं फोन काढला.

"बाबा, मी तिसऱ्या मजल्यावर आहे. मला जिना चढवत नाहीये. त्या दिवशीही चढवला नव्हता. कपाट विका नाहीतर ठेवा, माझा राग नाही. मला चढवत नाही, बस्स."

फोन बंद झाला. वर दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी घासत, आपटत खाली यायला लागलं. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. ताईनं वर बघितलं. बाबा एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत उतरत होते. पायजमा, बनियन, डोळ्यांवर चष्मा नाही.

"बाबा, काय करताय? पडाल."

"तू बोलू नको. दम राख." ते चौकात पोचले, त्यांनाही धाप लागली होती. खुर्ची त्यांनी तिच्यापुढे ठेवली. "बस."

आणि ताई भडकली. एकोणीस वर्षांत कुणावर भडकली नव्हती अशी भडकली.

"नाही बसणार. बाबा, मी नऊ तास बसते. रोज. बसून बसूनच ही गत झालीय. उठले तर लाल ठिपका, उभी राहिले तर कागद. कंपनीत बसा, बसमध्ये बसा, डॉक्टरांकडे गेलं की बसा. आणि तुम्ही चौथ्या मजल्यावरून माझ्यासाठी खुर्ची घेऊन आलात. मला खुर्ची नको आहे हो, मला वर यायचंय."

तिचा आवाज जिन्यात घुमला. कुठलं तरी दार किंचित उघडून पुन्हा लागलं. मग बाबा स्वतःच त्या खुर्चीत बसले.

"मग मी बसतो. मला जमेना आता उभं राहायला." त्यांनी श्वास घेतला. "कसला कागद?"

तिनं पर्समधून काढून दिला. चष्मा नव्हता म्हणून तिनंच वाचून दाखवला, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, बिनवायरच्या हेडफोनची मागणी आठ महिने कशी वर अडकलीय, तेही सांगितलं. बाबांनी आयुष्यभर सरकारी टेबलावर लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिली होती. कागद ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं काही तरी आलं, भुवई थोडी वर.

"सही केलीस?"

"उद्या करायचीय."

"करू नको. लेखी उत्तर द्यायचं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची. मागणीचा जावक क्रमांक काय, तो विचारायचा. आठ महिने झाले म्हणतेस तर क्रमांक असेलच. नसेल तर आणखी बरं."

"तुमच्या उत्तरानं काय होणार आहे?"

"काही होणार नाही कदाचित. पण त्यांना वाचायला लागेल." ते उठले. उठताना तिचा हात धरावा लागला. तेव्हा दोघांच्याही एकदम लक्षात आलं की बाबा वर्षानंतर एक मजला उतरलेत, आणि तो त्यांना परत चढायचाय.

"आता?" ताई म्हणाली.

"आता काय, चल. मी पुढं. तू मागून ये, मी कललो तर धर. खुर्चीही घे, तीच एक धड आहे चार पायांवर."

बाबांनी पायरीवर पाय ठेवला. ताईनं खुर्ची काखेत मारली, कठडा धरला आणि त्यांच्या मागच्या पायरीवर पाय ठेवला. मांडी कापली. तिनं दुसरा पाय उचलला.

"लक्षात ठेव हं, वर गेल्यावर लिहायचंय," बाबा चौथ्या पायरीवर थांबून म्हणाले. "प्रति, माननीय..." ते दोन श्वास घेत राहिले. "माननीय कोण गं तुमचे?"

"साहेब."

"माननीय साहेब." पाचवी पायरी. "विषय..."

ताई मागं उभी राहून वाट बघत होती. पाय थरथरत होते, पण उभे होते. पुढच्या पायरीपर्यंत विषय काही त्यांना सुचला नाही.

"सुचेल," ती म्हणाली. "चला, अजून बाराच आहेत."